ड्राफ्टपूर्वी मिडफिल्डर पोरगा जोखायचा कसा?

यारातीर
नोव्हेंबरातल्या एएफएल ड्राफ्टच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे क्लब क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्याच्या) चर्चा सुरू झाल्या की जिकडेतिकडे एकच आकडा फिरतो: अमक्याने ३० चेंडू मिळवले, तमक्याने ३४. माझं मत आधीच सांगून टाकतो. मिडफिल्डर म्हणजे शेवटी चेंडू मिळवणारा. जो पोरगा दर आठवड्याला गर्दीतून चेंडू काढतो, त्याच्या धावण्याच्या वेळेवर नाकं मुरडू नयेत.

वाद हवेत नको म्हणून एक कल्पित मुलगा समोर ठेवतो. (खऱ्या मुलांची नावं धाग्यात आणू नका, बहुतेक जण अजून सतरा वर्षांचे आहेत.) व्हिक्टोरियाच्या टॅलेंट लीगमध्ये (किशोरांच्या स्पर्धेत) खेळतो. उंची १८१ सेंमी, वजन ७७ किलो, उजव्या पायाचा. सात सामन्यांची सरासरी २८ डिस्पोजल, म्हणजे १२ किक आणि १६ हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास). २८ पैकी ११ चेंडू झटापटीतून मिळवलेले. ६ क्लिअरन्स (गर्दीच्या झुंजीतून चेंडू बाहेर काढणं), ५ टॅकल, अचूकता ७२ टक्के. २० मीटर ३.०४ सेकंदांत, २ किलोमीटर ६ मिनिटं १५ सेकंदांत. वाढदिवस फेब्रुवारीत.

पहिल्या दहात घ्यावा की तिशीत? आणि ठरवायला अजून काय बघाल?

आकडेमोड
आधी त्या ७२ टक्क्यांकडे बघा. २८ चे ७२ टक्के म्हणजे साधारण २० यशस्वी डिस्पोजल. हँडबॉल बहुतेक दोन-तीन मीटरवर, शेजारच्याच्या हातात. ते १६ पैकी १५ यशस्वी धरले तर किकच्या वाट्याला राहतात १२ पैकी ५. म्हणजे हा मुलगा पायाने निम्म्याहून जास्त वेळा चेंडू वाया घालवतोय आणि सरासरीत ते दिसत नाही.

वर मोजण्याची पद्धत लक्षात घ्या. ४० मीटरच्या आतली किक आपल्या माणसाकडे पोचली तरच यशस्वी धरतात. ४० च्या पुढची किक मात्र दोघांच्या बरोबरीच्या झुंजीत पडली तरी यशस्वी. त्यामुळे डोळे मिटून पुढे लांब भिरकावणाऱ्याची टक्केवारी फुगते, आणि २५ मीटरवरचा अवघड पास शोधणाऱ्याची घसरते. किक आणि हँडबॉल वेगळे केल्याशिवाय अचूकतेचा आकडा वापरूच नये.

दुसरं, २८ पैकी १७ चेंडू झटापटीशिवाय आलेत. त्यातले किती दुसऱ्याने हँडबॉलने दिले ते शोधा. सोबत खमके खेळाडू असले की आयते चेंडू वाढतात. २०१९ मध्ये मॅट रोवेल आणि नोआ अँडरसन दोघेही ओकली चार्जर्सचे, ड्राफ्टमध्ये पहिला आणि दुसरा. असे दोघे एका मिडफिल्डमध्ये असताना तिसऱ्या-चौथ्याचे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत.

लांबकिक
+१. आणि फँटसीचे गुण तर अजिबात बघू नका. तिथे २ मीटरच्या हँडबॉललाही २ गुण मिळतात, मग तो खेळाडूला संकटात टाकणारा का असेना.

डावखुरी
किकबद्दल. टक्केवारी बाजूला ठेवून चेंडू हातातून पायावर कसा पडतो ते बघा. दोष बहुतेक वेळा पायात नसून हातात असतो. उजव्या पायाच्या खेळाडूचा उजवा हात चेंडू उजव्या मांडीच्या रेषेत खाली नेतो, तो तिथूनच सुटला पाहिजे. काही मुलं चेंडू छातीसमोरून आडवा आणतात, तो पायावर तिरका बसतो आणि किक डावीकडे ओढली जाते. काही जण फार वरून सोडतात. वाऱ्यात नाहीतर कोणी अंगावर येत असताना तो वाटेतच हलतो. नीट लागलेल्या ड्रॉप पंटला (हातातून सोडून मारायच्या नेहमीच्या किकला) स्वच्छ उलटी फिरकी असते. चेंडू हवेत डगमगला की समजावं, हात चुकला.

दोन किक निवडून मोजा. एक २० ते २५ मीटरची, खालून सपाट, धावत जाणाऱ्या साथीदाराच्या पुढ्यात. दुसरी ४५ मीटरची, फॉरवर्डला फायद्याच्या बाजूने. पहिल्या क्वार्टरमधल्या आणि शेवटच्या क्वार्टरमधल्या वेगळ्या लिहा. दमल्यावर अंग मागे झुकतं आणि चेंडू वर चढतो. तंत्र पक्कं असेल तर अंतर घटतं, दिशा टिकते. तंत्र कच्चं असेल तर आधी दिशा जाते.

डावा पाय किती वेळा वापरतो हेही टिपा. फक्त उजव्यावर अवलंबून असलेल्या मिडफिल्डरला मोठ्या पातळीवर प्रतिस्पर्धी उजव्या खांद्याकडूनच दाबतात. मग त्याला पूर्ण वळसा घ्यावा लागतो आणि तेवढ्यात टॅकल येतो.

घड्याळवाला
यारातीर, नाकं मुरडायची नाहीत हे मान्य, पण घड्याळ फेकूनही देऊ नका.

२० मीटरच्या चाचणीत ५ आणि १० मीटरलाही इलेक्ट्रॉनिक फाटकं असतात. मिडफिल्डरसाठी ५ मीटरचा आकडा मोलाचा. स्टॉपेजमधून (खेळ थांबून चेंडू पुन्हा खेळात येतो, त्या झुंजीतून) निसटायला पहिली तीन पावलं लागतात, वीस मीटर मोकळं मैदान तिथे कुणाला मिळत नाही. २.९ च्या आत म्हणजे खरा वेगवान. ३.०४ मध्यम, पण त्यात ५ मीटर चांगलं असेल तर चालून जातं. चपळाईच्या चाचणीत खांबांना वळसे घालत धावायचं असतं आणि ८ सेकंदांच्या आसपास चांगले येतात. त्यात वळणं आधीच ठाऊक असतात, सामन्यात ती समोरचा ठरवतो. म्हणून तिला कमी वजन द्या.

२ किलोमीटरला ६:१५ चांगलीच वेळ. पण ती एकसंध धाव आहे. मिडफिल्डर दहा-पंधरा सेकंद जीव तोडून धावतो, जरा थांबतो, परत धावतो. सामन्यात एकूण १२ ते १४ किलोमीटर होतात, दमवतात ते मधले झपाटे.

यारातीर
मग सॅम मिचेलचं काय? २००१ च्या ड्राफ्टमध्ये ३६ वा, कारण हळू. पुढे हॉथॉर्नचा कर्णधार, २०१२ चं ब्राउनलो पदक (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं). ग्रेग विल्यम्सला तर मंद म्हणून कार्लटनने सुरुवातीला परत पाठवलं होतं. त्याने १९८६ आणि १९९४ असं दोनदा ब्राउनलो मिळवलं.

चौथा क्वार्टर
हीच दोन नावं दर वर्षी निघतात, यारातीर, आणि ती दोनच असणं हेच उत्तर आहे. हळू असून टिकलेले आपल्याला आठवतात, हळू म्हणून गळालेले शेकड्यांनी असतील, त्यांची नावं कुणी काढत नाही.

मिचेलकडून शिकायचं ते वेगळं. तो दोन्ही पायांनी सारखाच मारायचा, त्यामुळे त्याला वळायला वेळच लागत नव्हता. हळू मुलाच्या बाबतीत प्रश्न असा विचारा: वेग नाही, मग वेळ कुठून वाचवतो? दोन्ही पाय, एका झटक्यात उचलणारे हात, आधीच केलेला विचार, यांपैकी निदान दोन गोष्टी हव्यात. आपल्या कल्पित मुलाचा पाय तर वर आकडेमोडींनी उघडा पाडला आहेच.

टॉरेन्सकर
चेंडू उचलणाऱ्या हातांसाठी लॅची नील. साउथ ऑस्ट्रेलियाचा, १७७ सेंमी, २०११ ला ५८ वा. फ्रीमँटलने घेतला, पुढे ब्रिस्बेनकडून २०२० आणि २०२३ ची ब्राउनलो. उंची बघून बाजूला सारला असता तर काय सुटलं असतं बघा.

मोजायची रीत सोपी आहे. गुडघ्याखालचा प्रत्येक चेंडू घ्या आणि पहिल्याच झडपेत हातात आला की दुसऱ्या-तिसऱ्यात, ते लिहा. दहापैकी सात-आठ पहिल्या झडपेत हवेत. पावसाळी सामना मिळाला तर सोडू नका, ओल्या चेंडूवर खरे हात कळतात. बोटं चेंडूच्या खाली जातात का हे बघा. वरून थापटणाऱ्याचा चेंडू निसटतो, आणि तो खाली वाकत नाही, नुसता पाठीतून झुकतो. पाठीतून झुकणाऱ्याला बाजूने धक्का बसला की तोल गेलाच.

मागचा खांब
आता स्टॉपेज. मिडफिल्डर जोखण्याचा अर्धा धंदा इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उभं कुठे राहायचं इथपासून सुरुवात. गोलपोस्टच्या मागे. बाजूच्या कुंपणावरून फक्त चेंडू दिसतो, गोलमागून जागा दिसतात. मैदानावर घड्याळ कल्पा: रकमन (चेंडू आपल्या माणसाकडे टोलवणारा उंच खेळाडू) मध्यावर, आपण ज्या गोलकडे हल्ला करतो ती दिशा १२. रकमन चेंडू ४ वर, ८ वर, असा कुठेतरी टोलवतो. प्रत्येक स्टॉपेजला चार गोष्टी टिपा.

पहिली, मुलगा उभा कुठे होता. आपला रकमन हरतोय हे दिसत असूनही तो हल्ल्याच्या बाजूला, १२ कडे उभा राहत असेल तर तो फक्त स्वतःच्या चेंडूच्या शोधात आहे. समोरच्याने चेंडू जिंकला की त्याचा प्रतिस्पर्धी मोकळा पळतो. डिस्पोजलच्या रकान्यात याची नोंद कधीच होत नाही, आणि रिक्रूटर मात्र हेच आधी लिहितात.

दुसरी, टोला पडण्याआधी हलला की नंतर. चांगला मुलगा रकमनच्या खांद्यावरून अंदाज घेतो आणि अर्धा सेकंद आधी निघतो. निघताना हातापेक्षा आधी नितंब आणि खांदा प्रतिस्पर्ध्याला लावतो, जागा धरतो, मग चेंडूला हात घालतो. ७७ किलोचा मुलगा सतरा वर्षांच्यांना असाच ढकलतो. पण ८८ किलोच्या पुरुषाला ढकलताना नुसती ताकद पुरत नाही, कोन लागतो. तो ताकदीवर जिंकतोय की कोनावर, हे वेगळं करता आलं पाहिजे.

तिसरी, चेंडू मिळाला तेव्हा तोंड कुठे होतं आणि टॅकल बसल्यावर हात मोकळे होते का. हात वर ठेवून टॅकल झेलणारा हँडबॉल सोडू शकतो. चेंडू पोटाशी घट्ट धरणाऱ्यावर चेंडू अडवल्याची फ्री किक जाते.

चौथी, पुढचे पाच सेकंद. देऊन थांबला की देऊन पुढे धावला? चेंडू हरल्यावर मागे वळला की कमरेवर हात ठेवून बघत राहिला?

क्लिअरन्सही वेगळे करा. मध्यावर सुरुवातीला चौकोनात दोन्हीकडचे चार-चारच जण असतात, आणि २०१९ पासून ६-६-६ च्या नियमामुळे बाकीचेही ठरलेल्या जागीच. तिथे मोकळं असतं, फटकन मारलेली किकही खपून जाते. बाउंड्री थ्रो-इनला बारा-पंधरा जणांची दाटी. आपल्या मुलाचे ६ पैकी ४ मध्यावरचे असतील तर एक अर्थ, ४ थ्रो-इनचे असतील तर पूर्ण वेगळा.

एका सामन्यात असे पंधरा स्टॉपेज नीट लिहिले तर सात सामन्यांच्या सरासरीपेक्षा जास्त कळतं.

लांबकिक
थोडक्यात, चेंडू सोडून बाकी सगळं बघायचं. :)

मागचा खांब
एक क्वार्टर खरंच तसंच करा. चेंडू कुठेही असो, नजर मुलावरच. चेंडू ८० मीटर लांब असताना तो काय करतो ते टीव्हीवर कधीच दिसत नाही.

स्वानकाठी
पर्थच्या बाजूने भर घालते. डब्ल्यूएएफएलमधल्या (वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची लीग) मुलांना कोल्ट्समधून (किशोर संघातून) वर पुरुषांच्या संघात खेळायला मिळतं, साउथ ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएलमध्येही तसंच. तिथले १४ डिस्पोजल कोल्ट्समधल्या २८ पेक्षा जास्त सांगतात. अर्थात वरच्या संघात कोणती जागा दिली ते बघा. सतराव्या वर्षी बहुतेकांना फॉरवर्ड पॉकेटमध्ये (गोलजवळच्या कोपऱ्यात) नाहीतर विंगवर ठेवतात, मग क्लिअरन्स कमी येणारच.

व्हिक्टोरियात दुसरी गुंतागुंत. खाजगी शाळांची मुलं शनिवारी शाळेकडून खेळतात, त्यामुळे टॅलेंट लीगमध्ये त्यांचे सामने मोजकेच होतात. सात सामन्यांची सरासरी म्हणताना ते कुठल्या महिन्यातले हे विचाराच. तगडे संघसोबती शाळेकडून खेळायला गेले असतील तर मागे राहिलेल्याच्या वाट्याला चेंडू जास्त येतो.

म्हणून राष्ट्रीय स्पर्धेचं महत्त्व. व्हिक मेट्रो, व्हिक कंट्री, साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि उरलेल्यांचा अलाइज: तिथे प्रत्येकाच्या समोर आपल्या तोडीचा कोणीतरी उभा असतो.

आकडेमोड
वाढदिवसाबद्दल कुणी बोललं नाही. ड्राफ्टला त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. म्हणजे एकाच ड्राफ्टमध्ये जानेवारीचा आणि डिसेंबरचा मुलगा असतो, जवळजवळ वर्षाचं अंतर. त्या वयात वर्षभरात चार-पाच किलो सहज वाढतात. आपला मुलगा फेब्रुवारीचा, म्हणजे आजच्या ताकदीचा काही भाग नुसता वयाचा.

पण याचा निकाल करू नका. निक डायकोस ३ जानेवारीचा, वर्षातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि किती चांगला निघाला ते समोर आहे. मार्कस बॉन्टेम्पेली २४ नोव्हेंबरचा, २०१३ ला चौथा, तोही तसाच मोठा झाला. वय ही वजावट आहे: फेब्रुवारीच्या मुलाच्या शारीरिक वर्चस्वातून थोडं कमी करा, नोव्हेंबरच्या मुलाच्या धडपडीत थोडं मिळवा. कौशल्याच्या खात्याला हात लावू नका.

सिडनीची आई
जरा अवांतर, पण इथे मराठी पालक बरेच आहेत म्हणून विचारते. अकादमीतल्या मुलांना वेगळा रस्ता असतो म्हणतात, तो काय?

टॉरेन्सकर
ताई, दोन प्रकार आहेत. सिडनी, जीडब्ल्यूएस, ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट या चार क्लबांच्या अकादमी आपापल्या भागातल्या स्थानिक मुलांसाठी असतात, तिथे पालक कुठले हे बघत नाहीत. तुमच्या मुलासाठी तोच रस्ता. दुसऱ्या नेक्स्ट जनरेशन अकादमी, आदिवासी आणि बहुसांस्कृतिक घरांतल्या मुलांसाठी. आई-वडिलांपैकी एक जण आशियात किंवा आफ्रिकेत जन्मलेला असेल तर मुलगा त्यात बसतो, म्हणजे मेलबर्न-ॲडलेडमधली आपली बरीच घरं आली. क्लबच्या ठरलेल्या भागात राहणं आणि अकादमीत वेळेत नाव असणं गरजेचं.

ड्राफ्टच्या रात्री दुसऱ्या क्लबने त्या मुलावर बोली लावली तर मूळ क्लब गुणांनी बरोबरी करतो. पहिल्या क्रमांकाची किंमत ३००० गुण, पुढे उतरती. बरोबरी करणाऱ्याला २० टक्के सूट होती, ती २०२५ ला १० वर आणली. मुलगा जोखताना याचा परिणाम होतो: अकादमीच्या किंवा वडिलांच्या क्लबशी जोडलेल्या मुलाच्या क्रमांकावरून त्याची पातळी ठरवू नका. तो क्रमांक बोली कुणी आणि कधी लावली त्याचा असतो.

सिडनीची आई
धन्यवाद, आता उलगडलं.

घड्याळवाला
मूळ विषयाकडे. दुखापती राहिल्या. तिथे एकच भेद करा: धडकेतून झालेली की वापरातून झालेली. रोवेलचा खांदा २०२० च्या पाचव्या फेरीत गेला आणि मोसम संपला, २०२१ च्या पहिल्याच फेरीत गुडघा. लोक त्याला मोडका म्हणायला लागले होते. २०२५ ला त्याने ३९ मतं मिळवून ब्राउनलो जिंकलं. दोन्ही धडकेतल्या दुखापती होत्या, त्या भरून येतात.

जांघेची जुनाट दुखणी आणि पाठीच्या मणक्याचे ताणाचे तडे यांची चौकशी मात्र खोलवर करा. वाढत्या वयात शाळा, लीग आणि राज्य असं तिन्हीकडे खेळवलं की ही येतात, आणि क्लबात सरावाचा भार वाढला की परत डोकं वर काढतात.

चौथा क्वार्टर
अजून एक: पहिल्या वर्षी याला खेळवणार कुठे? अठराव्या वर्षी थेट मध्यावर टिकणारे थोडे. सॅम वॉल्श टिकला, २०१९ चा रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण खेळाडूचा किताब). पण डायकोस २०२२ ला रायझिंग स्टार झाला तो बराचसा हाफबॅकवर (बचावफळीत) खेळून, कारण त्याची किक तिथे वापरता आली. ज्याला दुसरी जागा नाही तो मिडफिल्डर राखीव संघात दोन वर्षं वाट बघतो. १८१ सेंमी, मध्यम वेग, कच्ची किक: हाफबॅकवर चालणार नाही. विंगवर ६:१५ चं इंजिन कामी येईल, पण तिथेही शेवटी पाय लागतोच. हाफ फॉरवर्डला दाब टाकायला ५ टॅकल उपयोगी.

डावखुरी
म्हणूनच मी त्याची किक सुधारण्याजोगी आहे का हे आधी ठरवीन. चेंडू सोडण्याचा दोष एका प्री-सीझनमध्ये बराच हलतो, कारण ती हाताची सवय असते. निर्णयाचा दोष, म्हणजे मोकळा माणूस न दिसणं, फार हळू हलतो. चुकलेल्या त्या सात किक पुन्हा बघा: योग्य माणूस निवडून चेंडू वाकडा गेला, की सरळ किक चुकीच्या माणसाला गेली?

यारातीर
धागा काढताना मी २८ वरच अडलो होतो. आता माझा अंदाज असा: पहिल्या दहात नाही. किकचा दोष हाताचा निघाला आणि थ्रो-इनवर तो कोनावर जिंकत असेल तर २० ते ३०. दोष निर्णयाचा असेल तर चाळिशीच्या पुढे. वेगाबद्दल मात्र माझं मत तेच आहे, फक्त आता ५ मीटरचा आकडा मागेन.

मागचा खांब
मी २५ च्या आसपास म्हणेन. पण आधी राष्ट्रीय स्पर्धेत तो समोर कुणाच्या उभा राहतो ते बघू. जमलं तर पहिला आणि तिसरा क्वार्टर एकाच गोलमागून बघा, म्हणजे त्याचा संघ दोन्ही वेळा एकाच दिशेला हल्ला करेल आणि नोंदी सरळ ताडता येतील.

टॉरेन्सकर
आणि वही कोरी ठेवा. आधीचे आकडे लिहून नेले की डोळे तेच शोधतात.